रायफलीचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संस्थानी काळातल्या शिकारीवर काही छापून आले की त्यात एक समज हमखास डोकावतो. जनावर जेवढे मोठे तेवढी रायफलीची नळी जाड, आणि जाड नळीची ती चांगली. ग्वाल्हेरात हा समज वाचण्यापुरता राहत नाही. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत पणजोबांची दुनळी रायफल आजही कुणाच्या तरी परवान्यावर आहे. दुसरीकडे नोकरीधंद्यानिमित्त दक्षिण आफ्रिका, नामिबियाकडे गेलेली मंडळी तिथल्या कायद्याप्रमाणे रीतसर परवाना काढून रानरेड्याच्या शिकारीला जाऊ शकतात, आणि त्यांचाही पहिला प्रश्न असतो तो बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा. दोघांनाही हा समज महागात पडू शकतो, पहिल्याला तर हाताची बोटे गमावण्याइतका. म्हणून हे जरा लांबलेले पत्र छापावे ही विनंती.

कायद्याचे आधीच सांगितलेले बरे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. शिवपुरीच्या ज्या जंगलात शिंदे सरकारांचे हाके निघत, तिथे आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२५ पासून ते व्याघ्र प्रकल्पात आले आहे. तेव्हा रायफल निवडण्याबद्दल पुढे जे लिहिले आहे ते परदेशी कायदेशीर शिकारीपुरते, आणि घरातल्या रायफलीबद्दलचे ती ओळखण्या-जपण्यापुरते समजावे.

निवडीची सुरुवात बोअरपासून होत नाही. जनावर कोणते, ते किती अंतरावर असणार, गोळी चालत्या पायी उभ्याने झाडायची की बसून, आणि रायफल किती तास खांद्यावर वागवायची, हे चार प्रश्न आधी सुटले की कॅलिबर, म्हणजे .३७५ सारखा बोअरचा इंचातला आकडा, आपोआप दोन-तीनवर येऊन ठेपते. आपल्याकडच्या रायफली ज्या कामासाठी घेतल्या गेल्या ते काम निराळे होते. हौद्यात किंवा मचाणावर बसायचे, हाका पुढे सरकत यायचा आणि वाघ तीस-चाळीस यार्डांवरून निघायचा. रायफल घेऊन चालायचे नसे, हाती द्यायला माणूस असे. त्यामुळे तेरा-चौदा पौंडांची .५७७ सुद्धा खपून जाई. वास्तविक दोन-अडीचशे किलोच्या, पातळ कातडीच्या वाघाला .५७७ ची गरजच नव्हती. .३७५ ची ३०० ग्रेनची (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड) नरम टोकाची, आत गेल्यावर फुलणारी गोळी त्याला पुरेशी आहे. गवा आणि हत्ती यांची गोष्ट वेगळी.

आफ्रिकेत नेमके उलटे. पहाटे माग धरायचा आणि दुपारपर्यंत त्यावर चालत राहायचे. रानरेड्याचा मोठा नर सातशे किलोच्या घरात असतो. समोरून किंवा खांद्यातून गेलेल्या गोळीला जाड कातडी, स्नायू आणि हाड ओलांडून हृदय-फुप्फुसांपर्यंत पोचायचे असते. हत्तीचा मेंदू कवटीत बराच मागे असतो आणि त्याच्या पुढचे हाड पोकळ खणांनी भरलेले असते. तिथे गोळी फुलली, वाकली किंवा तिरपी झाली की ती पोचलीच नाही. अशा जनावरावर बोअरच्या आकड्याने काही होत नाही. गोळी सरळ रेषेत किती खोल जाते यावर सगळे ठरते.

ही खोली मोजायचा ढोबळ मार्ग म्हणजे गोळीचे वजन तिच्या जाडीच्या मानाने किती ते पाहणे. ग्रेनमधले वजन ७००० ने भागावे, आलेला आकडा गोळीच्या इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागावा. .३७५ च्या ३०० ग्रेनच्या गोळीला ०.३०५ येते, .४१६ च्या ४०० ग्रेनला ०.३३०, .४५८ च्या ५०० ग्रेनला ०.३४१. मोठ्या जनावरासाठी ०.३०० च्या खाली जाऊ नये. ही अट सांभाळून मग गोळीची बांधणी पाहावी. रानरेड्याला पहिली गोळी नरम टोकाची पण आवरण शिशाला घट्ट चिकटवलेली, म्हणजे हाडावर फुटून तुकडे न होणारी असावी. मागच्या गोळ्या सॉलिड, म्हणजे न फुलणाऱ्या. हत्तीला सगळ्याच सॉलिड. सॉलिडमध्ये गोल टोकापेक्षा सपाट टोकाची गोळी अधिक सरळ जाते. गोल टोकाची आत शिरल्यावर कलंडण्याचा संभव जास्त.

आता कॅलिबर. एकच रायफल घ्यायची असेल तर .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम घ्यावी, हे माझे स्पष्ट मत. १९१२ चे हे काडतूस आहे. ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २५३० फूट वेगाने निघते, ऊर्जा ४२०० फूट-पौंडांच्या थोडी वर. त्याचे केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, लांब आणि निमुळते असल्याने ते मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) अलगद सरकते आणि उन्हात दाब वाढला तरी निघताना अडकत नाही. शिवाय कायदा. नामिबियात रानरेडा-हत्ती या वर्गाला नळीच्या तोंडाशी किमान ५४०० जूल ऊर्जा लागते. .३७५ ला सुमारे ५८०० जूल मिळतात. १९०५ पासूनचे ९.३×६२ हे अतिशय गुणी जर्मन काडतूस, पण २८६ ग्रेनच्या गोळीच्या नेहमीच्या भरणीत ते ४८०० च्या आसपास राहते. जर्मन रायफल स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा आणि ज्या देशात जायचे तिथला चालू नियम लेखी मागवून घ्यावा.

जो वर्षानुवर्षे रानरेडा आणि हत्तीच करणार आहे त्याने .४१६ कडे वळावे. .४१६ रिग्बी १९११ ची. ४१० ग्रेनची गोळी, २३७० फूट वेग, ५१०० फूट-पौंड. तिचे केस प्रशस्त आहे म्हणून हे काम ती कमी दाबात करते. .४१६ रेमिंग्टन मॅग्नम १९८८ ची, तेच काम लहान केसमध्ये पण बऱ्याच जास्त दाबात करते. भर उन्हात जीपच्या टपावर तापलेल्या काडतुसांच्या बाबतीत हा फरक जाणवतो. दाब चढला की केस चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि बोल्टची, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ उचलता उचलत नाही. काडतुसे सावलीत, कातडी पट्ट्यात, अंगाजवळ ठेवावीत हे साधे पथ्य त्यासाठीच.

.४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ मध्ये आले. .३०-०६ या नेहमीच्या मध्यम काडतुसाच्या लांबीच्या स्वस्त यंत्रणेत बसावे म्हणून त्याचे केस अडीच इंचांचे ठेवले. जागा अपुरी, म्हणून दारू दाबून भरावी लागली. कालांतराने ती गठ्ठा धरायची, नीट पेटायची नाही, आणि गोळी अपेक्षेपेक्षा मंद निघायची. हत्तीसमोर असे घडणे किती धोक्याचे ते सांगायला नको. आजच्या दारूत हा दोष पुष्कळ कमी झाला आहे, तरी जुना साठा घेऊ नये. अमेरिकी शिकारी-लेखक जॅक लॉट यांनी केसची लांबी २.८ इंच करून .४५८ लॉट तयार केले, ५०० ग्रेनला २३०० फूट वेग. त्याच्या चेंबरमध्ये .४५८ विंचेस्टरही चालते, त्यामुळे सराव हलक्या काडतुसाने करता येतो.

धक्क्याचा विचार मात्र मनापासून करावा, कारण चुकलेल्या नेमामागे बहुतेक वेळा तोच असतो. .३०-०६ चा धक्का एक धरला तर साधारण नऊ पौंडांच्या .३७५ चा दुप्पट आणि .४५८ चा तिप्पट. त्याची भीती बसली की माणूस चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतो आणि नळी खाली दाबतो. हे तपासायचा उपाय सोपा आहे. रेंजवर दुसऱ्याला रायफल भरायला सांगावे, त्याने मधूनच नकळत दारू नसलेले नकली काडतूस घालावे. चाप ओढल्यावर नळीचे तोंड खाली झुकले की रोग कळला. मग .२२ वर परतावे, आणि मोठ्या रायफलीच्या एका बैठकीत आठ-दहापेक्षा जास्त गोळ्या झाडू नयेत. वाळूच्या पिशवीवर फक्त माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) जुळवून घ्यावी, बाकी सगळा सराव उभ्याने, तिकाटीवर, पन्नास यार्डांच्या आत. बाकावर ओणवे बसून मोठी रायफल झाडत राहणारा माणूस खांदाही दुखावतो आणि उभ्याने झाडायलाही शिकत नाही.

बोल्टची रायफल घेताना जर्मन माउझर ९८ पद्धतीचा रुंद पंजा असलेला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे केस बाहेर ओढणारा भाग, पाहावा. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच तो त्याची कड पकडतो, त्यामुळे घाईत बोल्ट अर्धवट मागे-पुढे झाला तरी दोन काडतुसे एकमेकांवर चढून बसत नाहीत. मात्र अशा रायफलीत काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून वर बोल्ट ढकलू नये. पंजाला कडेवरून उडी मारावी लागते आणि त्याचे टोक तुटते. दुकानात रायफल हाती आली की नकली काडतुसांनी मॅगझिन पूर्ण भरून ती वेगाने रिकामी करून पाहावी, सपाट टोकाच्या आणि गोल टोकाच्या अशा दोन्ही गोळ्यांसाठी. सपाट टोक चेंबरच्या कडेला अडते ते इथेच कळते. बोल्ट शेवटपर्यंत मागे ओढायची सवय हवी. .३७५ चे काडतूस लांब आहे, बोल्ट बोटभर आधी थांबला तर खालचे काडतूस वर येत नाही आणि रिकाम्या चेंबरवर बोल्ट बंद होतो.

झाडल्यावर मॅगझिनमध्ये उरलेली काडतुसेही काढून पाहावीत. दर धक्क्याला ती पुढच्या भिंतीवर आपटतात. केसच्या तोंडाने गोळी घट्ट आवळलेली नसेल तर ती आत सरकते, दारूची जागा कमी होते आणि दाब भलताच चढतो. नव्या काडतुसाशेजारी उभे धरले की एक-दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतो. असे काडतूस झाडायचे नाही. मॅगझिनचा तळ धक्क्याने उघडून काडतुसे गवतात सांडणे हाही नेहमीचा दोष, त्याची खिटी घट्ट हवी. दुर्बीण एक ते चार पट, डोळ्यापासून साडेतीन इंचांपेक्षा जवळ नको, नाहीतर भुवई फुटते. तीही झटकन निघणाऱ्या कड्यांवर बसवलेली, कारण जवळच्या दाट झाडीत रुंद खाच आणि ठळक माशीच कामाला येते.

दुनळीचे आकर्षण मोठे आणि दुसरी गोळी तिच्याइतकी चटकन दुसऱ्या कशातून निघत नाही. पण दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारतात ते ठरावीक भरणीलाच. बनवणारा नळ्यांच्या तोंडाशी पाचर सरकवत, पुन्हा पुन्हा झाडून त्या जुळवतो. भरणी मंद निघाली तर गोळ्या बाहेर फाकतात, वेगवान निघाली तर एकमेकींना ओलांडून जातात. म्हणून दुनळी घेणाऱ्याने ती कोणत्या गोळीला आणि वेगाला जुळवली आहे ते लेखी घ्यावे आणि त्याच भरणीने पन्नास यार्डांवर चार गोळ्या, उजवी-डावी आळीपाळीने, झाडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता वाड्यातल्या रायफलींकडे वळतो, कारण धोका खरा तिथे आहे. आपल्याकडे .४७० आणि .५००/.४६५ का दिसतात याला कारण आहे. १९०७ मध्ये इंग्रज सरकारने .४५० कॅलिबर हिंदुस्थान आणि सुदानमध्ये आणायला बंदी केली. बंडखोरांच्या हातातल्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकांना त्या गोळ्या उपयोगी पडतील ही धास्ती. त्यावर विलायतेतल्या कारखानदारांनी थोड्या वेगळ्या जाडीची .४७०, .५००/.४६५, .४७५ नंबर २, .४७६ ही कॅलिबरे पुढे आणली. त्यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की पेटीवर जवळपास तोच आकडा दिसला म्हणून काडतूस चालेल असे धरणे जिवावर बेतू शकते. शिवाय .४५० नंबर २ चे केस साडेतीन इंच लांब, साध्या .४५० चे सव्वातीन. आकडा तोच, काडतूस वेगळे.

याहून गंभीर बाब .५०० आणि .५७७ ची. तीन इंची .५०० हे केस काळ्या दारूच्या जुन्या एक्स्प्रेस रायफलीतही बसते आणि बिनधुराच्या, जास्त दाबाच्या दारूसाठी बनवलेल्या नायट्रो एक्स्प्रेसमध्येही. बाहेरून दोन्ही रायफली सारख्या दिसतात. नायट्रो काडतुसात ८० ग्रेन कॉर्डाइट (ही बिनधुराची दारू) आणि ५७० ग्रेनची गोळी, तिचा दाब काळ्या दारूच्या रायफलीला पेलणारा नाही. ती फुटते. नळीवर वळणावळणाची दमास्कस वीण दिसली तर ती काळ्या दारूची समजावी. वीण दिसत नाही म्हणून मात्र ती नायट्रोची ठरत नाही. खात्री होते ती नळ्या उतरवून. त्यांच्या तळाशी, बिजागरीजवळच्या सपाट भागावर अधिकृत चाचणीचे ठसे असतात. .४७० वर ‘कॉर्डाइट ७५ — ५०० मॅक्स’ असे कोरलेले आढळते, म्हणजे ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी ही तिची मर्यादा. ठसा पुसलेला असेल तर चेंबरचा साचा घेऊन मोजमाप करणारा परवानाधारक कारागीर गाठावा. घरच्या घरी काडतूस घालून ‘बसते का’ हे कुणी पाहू नये.

जुन्या पेटीतली काडतुसेही झाडायची नाहीत. त्यांच्या तळाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या रसायनाने नळीत मीठ साचते, ते ओल धरते आणि चेंबरच्या पुढे, आटे सुरू होतात तिथेच खड्डे पाडते. तुमच्या नळीत खड्डे दिसले तर ते बहुधा यामुळेच. केसच्या मानेवर उभी चीर किंवा हिरवा थर असेल तर दारूही नासली आहे असे धरावे.

रायफल सुस्थितीत आहे का हे न झाडताही पुष्कळ कळते. ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करून पुढचा लाकडी दस्ता काढावा, नळ्या बंद कराव्यात आणि आडव्या हलवून पाहाव्यात. किंचित जरी खडखड जाणवली किंवा मागच्या फळीशी उजेडाची रेघ दिसली तर सांधा झिजला आहे. नळीतून खिडकीकडे पाहताना काळे वर्तुळ दिसले तर तिथे कधीतरी अडथळ्यावर गोळी झाडल्याने नळी फुगली आहे. दस्त्याची मान, चापाच्या कड्याच्या मागे, नखाने चाचपावी. चिरा तिथेच पडतात. स्क्रू पाहावेत. चांगल्या कारखान्याच्या रायफलीत सगळ्यांच्या खाचा नळीच्या रेषेत असतात. एखादी खाच वाकडी किंवा कुरतडलेली असेल तर कुणीतरी साध्या पेचकसाने आत हात घातला आहे.

इथल्या हवेचाही विचार हवा. मे महिन्यात ४५ अंशांत लाकूड आकसते आणि स्क्रू ढिले होतात, पावसाळ्यात कातडी पेटी ओल धरून नळीला गंज चढवते. रायफल कातडी किंवा कॅनव्हासच्या खोळीत कधीच कायमची ठेवू नये. तेलाचा पातळ हात पुरे. जास्त तेल ओघळून दस्त्याच्या तोंडात मुरते आणि लाकूड मऊ पडते, म्हणून साफ केल्यावर रायफल काही वेळ तोंड खाली करून टेकवावी. आणि कृपा करून दुनळीला उकळत्या क्षारांत नवा निळा रंग चढवून घेऊ नये. त्या द्रावणाने दोन नळ्या जोडणारा डाख सुटतो, आणि नळ्यांच्या मधल्या पोकळीत अडकलेले क्षार पुढे वर्षानुवर्षे आतून गंजवत राहतात. पॉलिशच्या चाकाखाली चाचणीचे ठसे जातात ते वेगळेच.

परवान्याबद्दल शेवटी एवढेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. परवानाधारक गेल्यावर वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत रायफल आणि काडतुसे घरात ठेवायची नसतात. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. जमा करताना पावतीवर कारखान्याचे नाव, अनुक्रमांक, कॅलिबर आणि नळ्यांची लांबी उतरवून घ्यावी, आणि चाचणीच्या ठशांचे स्पष्ट फोटो आपल्याजवळ ठेवावेत. ‘दुनळी बंदूक, एक नग’ एवढ्याच नोंदीवर जमा केलेली .४७० परत मागताना तीच ती हे सिद्ध करणे फार अवघड जाते.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर